परदेशात पाठवता का?

जुन्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी येतो. वस्तूची नोंद करताना फॉर्मच्या तळाशी एक चौकोन असतो: ही वस्तू भारताबाहेर पाठवाल का? मी तो चौकोन चार वर्षं रिकामा ठेवला होता. यंदा त्याचा नीट विचार करून निर्णय घेतला. निर्णय एका ओळीत सांगता येईल, पण तिथवर पोचताना पैसा, कायदा आणि दीन या तिन्हींशी हिशेब करावा लागला. म्हणून जरा विस्ताराने लिहितो. हाच धंदा छोट्या प्रमाणावर करणारे आपले बरेच तरुण आता दिसतात, त्यांनाही कदाचित उपयोग होईल.

माझा माल म्हणजे कागद. निजाम राजवटीची टपाल तिकिटं, सिनेमा थिएटरात मिळायच्या त्या गाण्यांच्या पुस्तिका, काडेपेटीवरची लेबलं, जुनी पिक्चर पोस्टकार्डं, उर्दू मासिकांचे सुटे अंक. औरंगाबादच्या रद्दीवाल्यांकडून, जुनी घरं मोकळी करणाऱ्यांकडून आणि वर्षातून दोन-तीनदा हैदराबाद-मुंबईच्या फेऱ्यांतून तो गोळा होतो. एक खोली, एक स्कॅनर, पॉलिथिनच्या पिशव्या आणि पुठ्ठे. यातून घर चालत नाही, पण घराला हातभार लागतो.

परदेशातून विचारणा पहिल्यापासून यायची. कोणाला काय हवं असतं, हे पाहिलं की हा निव्वळ छंदाचा बाजार नाही हे कळतं. निजामाच्या १९३१ सालच्या चित्रमय तिकिटांची मालिका घ्या. एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हायकोर्ट, चार आण्यांवर उस्मानसागर. आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार आहे, बारा आण्यांवर बीदरचा महमूद गवानचा मदरसा आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार. तिकिटाची किंमत उर्दू, इंग्रजी, मराठी आणि तेलुगू अशा चार भाषांत छापलेली. निजामाच्या तिकिटावर मराठी होती, हे आज पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही ठाऊक नसतं. शिकागोत किंवा रियाधमध्ये राहणारा मराठवाड्याचा माणूस ही मालिका मागतो तेव्हा त्याला तिकीट नको असतं, गाव हवं असतं. तो दौलताबादच्या मिनाराकडे बोट दाखवून पोरांना सांगणार असतो, की इथून पुढच्या वळणावर आमचं घर.

अशा माणसाला 'नाही पाठवत' म्हणणं जिवावर यायचं. शिवाय भाव. इथे दीड-दोनशेला कुरकुरत जाणारी गाण्यांची पुस्तिका बाहेरचा ग्राहक तिप्पट किमतीला विनातक्रार घेतो. मग चार वर्षं का थांबलो?

पहिलं कारण हिशेबाचं. बाहेर माल पाठवायचा तर आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो. त्याचं सरकारी शुल्क ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन. हे अवघड नाही. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करायचा, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. विसरलात तर क्रमांक निष्क्रिय होतो. मग पैसे परदेशातून आले याचा बँकेचा कागद सांभाळायचा. टपाल खात्याने २०२२पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली, तिथे निर्यातीचं टपाल बिल ऑनलाइन भरता येतं, त्यामुळे छोट्या माणसाची सोय झाली. दोन किलोपर्यंतच्या पाकिटांसाठी ट्रॅकिंगची स्वतंत्र सेवा आहे. पण गाण्यांची पुस्तिका वजनाने पन्नास ग्रॅम आणि तिचा टपालखर्च पुस्तिकेच्या किमतीच्या वर, असं होतं. दोन पुस्तिका एकत्र घेतल्या तरच ग्राहकाला परवडतं.

त्यात पलीकडचे नियम सतत हलतात. युरोपीय संघात २२ युरोपर्यंतच्या पार्सलला करमाफी होती, ती जुलै २०२१मध्ये गेली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल बिनजकातीचं जायचं. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ला बंद झाली आणि त्याच्या चार दिवस आधी आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक बुकिंगं थांबवली. ऑक्टोबरच्या मध्यावर ती पुन्हा सुरू झाली, पण जकात आता इथेच, बुकिंगच्या वेळी भरायची. त्या दोन महिन्यांत ज्यांचा माल वाटेत होता किंवा ज्यांनी पैसे घेऊन ठेवले होते, त्यांचे काय हाल झाले ते मी जवळून पाहिले. छोट्या विक्रेत्याला अशा वेळी कोणी वाली नसतो.

दुसरं कारण जबाबदारीचं. फिकहमध्ये कब्जा हा शब्द आहे. वस्तू ग्राहकाच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात जाईपर्यंत तिचं नुकसान विकणाऱ्याच्या अंगावर. वाटेत हरवली तर 'मी तर पोस्टात टाकली होती' हे उत्तर चालत नाही. कारण टपालवाला मी निवडला, तो माझा माणूस. ग्राहकाने स्वतःचा कुरिअर पाठवून वस्तू उचलली तर गोष्ट वेगळी, तिथे त्याचा माणूस ताबा घेतो. गंमत म्हणजे ऑनलाइन विक्रीचे बाजारही हाच नियम लावतात: पोचल्याचा पुरावा नसेल तर पैसे ग्राहकाला परत. आपल्या लोकांना हा नियम जाचक वाटतो, म्हणून सांगतो की तो आपल्याच घरचा आहे.

देशात हे निभावतं. पुण्याला पाठवलेलं पाकीट हरवलं तर शोधता येतं, फोन करता येतो, फार तर तीनशे रुपये जातात. परदेशी पार्सल तीन आठवडे 'पारगमनात' दिसत राहतं आणि विचारायला कोणी नसतं. म्हणून ठरवलं, की जेवढं बुडालं तरी घरच्या किराण्यावर आच येणार नाही, तेवढीच किंमत एका पार्सलात घालायची. मोठी मालिका असेल तर विमा उतरवायचा आणि त्याचा खर्च ग्राहकाला आधी सांगायचा. त्याला तो जड वाटला तर सौदा सोडून द्यायचा.

तिसरं कारण सर्वांत नाजूक आहे आणि त्याच्याविषयी आपल्यात कोणी बोलत नाही. पार्सलबरोबर कस्टमचा फॉर्म जातो. त्यात वस्तू काय आहे, किंमत किती, विक्री आहे की भेट, हे लिहून सही करायची असते. दहातले चार ग्राहक हळूच सांगतात, "भाई, गिफ्ट लिख देना, दस डॉलर." मागणारे परके नसतात. सलाम करून बोलणारे, रमजानच्या मुबारकबादी पाठवणारे आपलेच लोक असतात. त्यांना यात काही वावगं वाटत नाही, कारण फसवणूक होते ती कुठल्या तरी दूरच्या सरकारची.

व्यवहाराच्या बाजूनेही हा सल्ला वाईट आहे. दहा डॉलर लिहिलेलं पार्सल हरवलं तर भरपाई दहा डॉलरवरच मोजणार. पण ते कारण दुय्यम. खरं कारण असं, की ती सही म्हणजे शहादत आहे. पैगंबर साहेबांची बाजारातली गोष्ट आपण मदरशात ऐकलेली असते. धान्याच्या ढिगात हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं, तेव्हा विक्रेत्याला सांगितलं की ओलं वर ठेव, लोकांना दिसू दे. मी ही गोष्ट तिकिटांना लावतो. तिकिटाच्या पाठीमागे कागद विरळ झाला असेल, डिंक गेला असेल, दात्यांपैकी एक तुटला असेल, तर पाठीचा फोटो आधी टाकतो आणि मग दर्शनी. ग्राहकाला ओलं धान्य वर काढून दाखवायचं आणि सरकारी फॉर्मवर मात्र आत लपवायचं, हे दोन्ही एका हाताने कसं जमेल? त्यामुळे 'गिफ्ट' लिहा म्हणणाऱ्याला मी नम्रपणे नाही म्हणतो. काही जण गेले. जे राहिले ते पुन्हा पुन्हा येतात.

आता कायदा. जुन्या वस्तू विकणाऱ्या किती जणांनी १९७२चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा वाचला आहे, कोण जाणे. त्याचा गाभा सोपा आहे. नाणं, शिल्प, चित्र, कारागिरीची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू. हस्तलिखित किंवा ऐतिहासिक, वाङ्मयीन मूल्याचा दस्तऐवज असेल तर पंच्याहत्तर वर्षं पुरेत. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आणि त्याने नेमलेल्या संस्थेला. बाकी कोणी नेली तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. शिवाय देशातल्या देशात पुरावस्तूंचा धंदा करायलाही परवाना लागतो. माझ्याकडे तो नाही, म्हणून त्या वयाचं काही मी विकतच नाही. वस्तू त्या वयाची नाही याबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला मिळवता येतो. वेळ लागतो, पण वाट आहे.

आपल्या भागात यात एक खास घोळ आहे. निजामाच्या नाण्यांवर हिजरी साल असतं. हिजरी वर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. नाण्यावर १३४५ वाचून कोणी आजच्या १४४७मधून वजा करतो आणि म्हणतो, झाली १०२ वर्षं. पण १३४५ हिजरी म्हणजे १९२६-२७. इंग्रजी मोजणीने ते नाणं अजून शंभरीला पोचलेलं नाही. उलटही होतं. विक्रेता घाईत '१९२५-३० सुमार' असं ठोकून देतो आणि प्रत्यक्षात नाणं शंभरी ओलांडलेलं असतं. जुन्या दस्तांवर तर फसली साल. हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन हाती येतो, वर्ष ऑक्टोबरात बदलतं. हे गणित येत नसेल तर नाण्या-दस्तांना हात लावू नये. आणि वर सांगितलेली १९३१ची तिकिटं? ती आज शंभरीच्या अलीकडे आहेत. २०३१ उजाडलं की हाच प्रश्न मला त्यांच्याबद्दल नव्याने सोडवावा लागेल.

नोटांचा विषय तर अगदी आपल्या अंगणातला. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने हजयात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरं असत. सौदीत त्या वापरायच्या, भारतात नाही. त्याच साली आखाती देशांसाठी वेगळ्या नोटा निघाल्या, कारण तिथे तोवर आपला रुपयाच चालत असे. कुवेतने १९६१मध्ये स्वतःचा दिनार आणला, बाकीचे पुढच्या दहा वर्षांत बाहेर पडले. आज हज नोट इतकी दुर्मिळ आहे की ती हाती लागली तर दुबईत किंवा कतारात तिला वाट्टेल तो भाव देणारे भेटतील. माझ्याकडे ती कधी आली नाही. आली तरी बाहेर पाठवणार नाही, कारण रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय भारतीय नोटा टपालाने परदेशी पाठवणं परकीय चलन कायद्यात बसत नाही. प्रवाशाने अंगावर न्यायची मर्यादा २५ हजार रुपयांची, आणि ती प्रवाशासाठी आहे, पार्सलसाठी नाही.

आणि ७८६. क्रमांकात ७८६ असलेल्या नोटेसाठी आखातातून जितकी विचारणा येते तितकी दुसऱ्या कशासाठीच येत नाही. ही नोट घरात असली की बरकत येते, असं सांगून ती विकली जाते. हा माल मी देशातही विकत नाही. बरकत छापखान्याच्या क्रमांकात आहे असं एखाद्या गरीब माणसाला सांगून त्याच्याकडून हजारो रुपये घेणं हे जुगाराच्या शेजारचं काम वाटतं. जुन्या नोटांच्या नावाने फसवणुकी इतक्या वाढल्या की २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावं लागलं होतं.

कुरआनच्या हस्तलिखित पानांचंही इथेच सांगतो. बाहेरच्या बाजारात जुन्या मुसहफची पानं सुटी करून, चौकटीत घालून विकतात. एक पान विकलं की अख्ख्या प्रतीपेक्षा जास्त पैसे होतात, म्हणून व्यापारी शिवण उसवतात. कायद्याचं कलम बाजूला ठेवा. कोणाच्या तरी हाताने वर्षभर बसून लिहिलेला कलाम दिवाणखान्याच्या भिंतीसाठी फाडायचा, हे माझ्याने होणार नाही. रद्दीत असं पान सापडलं तर ते मशिदीत देतो.

इथवरचे सगळे निर्णय तसे सोपे होते. नियम वाचला, नीयत तपासली, ठरवलं. अवघड गेला तो एक कागद.

दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून किलोवर घेतलेल्या एका गठ्ठ्यात मासिकांच्या मध्ये एक सियाहा निघाला. सियाहा म्हणजे काझीने केलेली निकाहची नोंद. मराठवाड्यात आजही आपण हाच शब्द वापरतो. साल फसली १३४५, म्हणजे १९३५-३६. नवरा-नवरीची नावं, दोघांच्या वडिलांची नावं, मोहल्ला, वकील, साक्षीदार, मेहर सिक्का उस्मानियात. कागद पिवळा पडलेला, शाई मात्र काळीभोर. मी गठ्ठ्यातल्या मासिकांचा फोटो टाकला होता, त्यात या कागदाचा वरचा अर्धा भाग दिसत होता. विक्रीला तो नव्हताच.

आठवड्याभरात कराचीहून संदेश आला. उर्दूत, एका वयस्क बाईंचा. निकाहातली नवरी त्यांची नानी. कुटुंब १९४८नंतर औरंगाबादहून गेलं. येताना कागदपत्रं राहिली की हरवली, त्यांना माहीत नव्हतं. असे दावे करणारे पुष्कळ भेटतात, म्हणून मी विचारलं, आपा, साक्षीदार कोण होते ते घरात कधी कोणी सांगितलं होतं का? फोटोत तो भाग दुमडलेला होता. त्यांनी एक नाव लगेच सांगितलं, नानाच्या मामांचं. कागदावर दुसरा साक्षीदार तोच होता.

त्यांना अस्सल कागद हवा होता. पैसे मी सांगेन तेवढे. पाकिस्तानशी टपाल तर बंदच. पण त्यांचा भाचा दुबईत होता. त्याने फोन करून सांगितलं, भाईसाब, दुबईला पाठवा, वर 'पुराने काग़ज़ात' लिहा, पुढचं आम्ही बघतो.

मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. या तीन दिवसांत मनात काय होतं ते सांगायला हवं. भीती होती. माझ्या नावाच्या माणसाने पाकिस्तानातल्या पत्त्यासाठी एक पाकीट पाठवलं, ही बातमी आपल्याकडे कशी वाचली जाईल हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. निरोप वाचतानाही मी फोन बायकोच्या हातात दिला होता, की हे तूही बघून ठेव. पण भीतीपोटी नकार द्यायचा आणि तोंडाने कायद्याचं नाव घ्यायचं, हेही मला नको होतं. समोरची बाई माझ्या आईच्या वयाची. तिला खरं कारण मिळायला हवं होतं.

म्हणून स्वतःला विचारलं, हाच कागद लंडनहून मागितला असता तर? टोरांटोहून? तिथे भीतीचं काही कारण नाही. उत्तर तरीही तेच आलं. कागद हाताने लिहिलेला, पंच्याहत्तर वर्षांच्या वर. त्याला ऐतिहासिक मूल्य आहे की नाही हे ठरवणारा मी नाही, पण निजामकाळात एका मोहल्ल्यातली लग्नं कशी लागत, मेहर कोणत्या नाण्यात ठरे, नोंद कोण करी, हे सांगणारे कागद किती उरलेत? माझ्या मते त्याला मूल्य आहे, आणि मला तसं वाटत असताना 'पुराने काग़ज़ात' लिहून तो पाठवणं म्हणजे ओलं धान्य आत ढकलणं.

एक गोष्ट मात्र कायद्यात कुठेच बसत नाही. कायद्याच्या नजरेत हा कागद बाहेर जाणं म्हणजे देशाचा ठेवा जाणं. त्या बाईंच्या नजरेत तो घरी येणं. दोन्ही खरं आहे. ज्यांची माणसं सरहद्दीच्या पलीकडे गेली त्यांचे कागद अलीकडे राहिले, आणि त्या कागदांना वारस असून वारसा पोचत नाही. यावर माझ्याकडे तोडगा नाही. एक विक्रेता म्हणून माझ्या हातात होतं तेवढं मी केलं.

चौथ्या दिवशी फोन केला. अस्सल देता येणार नाही, आणि ते तुम्ही कुठे राहता म्हणून नाही, हे सांगितलं. कायदा समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बेटा, असल तो असल होता है." मी म्हटलं, हो आपा, ते खरंच आहे. यापलीकडे सांत्वन करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

नंतर सियाहाचा दोन्ही बाजूंनी मोठा स्कॅन केला, घडीच्या रेघा, काझीची सही, कोपऱ्यातला डाग सगळं दिसेल असा. शिकस्ता लिपीतला मजकूर साध्या नस्तालिकमध्ये लिहून सोबत दिला. पैसे घेतले नाहीत, कारण विकण्यासारखं माझं त्यात काही नव्हतं. त्यांनी तो तिथे छापून घेतला. त्यांच्या मुलीने पाठवलेल्या फोटोत तो भिंतीवर आहे. अस्सल कागद मी वेगळ्या पाकिटात ठेवला आहे, त्यावर 'विक्रीसाठी नाही' असं लिहून. इथल्याच एखाद्या ग्रंथालयात तो द्यायचा विचार आहे, जिथे कोणालाही जाऊन पाहता येईल. उद्या वाटा खुल्या झाल्या आणि त्यांच्या घरचं कोणी इथे आलं, तर त्यांनाही.

या कागदामुळे माझ्या खोलीत तीन ढीग झाले आणि चौकोनाचं उत्तर मिळालं. पहिला ढीग छापील मालाचा, ज्याच्या शेकडो-हजारो प्रती निघाल्या: तिकिटं, गाण्यांच्या पुस्तिका, लेबलं, पोस्टकार्डं, मासिकं. हे शंभरीच्या आतलं असेल तर बाहेर जाईल. खरी किंमत लिहून, ट्रॅकिंगसकट, ज्या देशांचे नियम मी स्वतः वाचले आहेत तेवढ्याच देशांत. सध्या असे सहा देश आहेत. दुसरा ढीग शंकेचा: साल न लागलेलं, हिजरी-फसलीच्या घोळातलं. तो दाखला मिळेपर्यंत जागचा हलणार नाही. तिसरा ढीग हाताने लिहिलेल्या आणि एकमेव असलेल्या कागदांचा. पत्रं, सियाहे, वह्या, बयाजा. तो विकायचाच नाही, ना बाहेर ना इथे. पण त्यातल्या प्रत्येकाचा स्कॅन करतो आहे, आणि वारस असल्याचं सांगून कोणी मागितला तर फुकट देणार आहे. मागणारा कुठल्या देशातला आहे हे न विचारता.

गेल्या महिन्यात पहिलं परदेशी पार्सल गेलं. जेद्दाला, १९३१च्या मालिकेतली तीन तिकिटं आणि दोन पुस्तिका. पोस्टातल्या बाईंनी फॉर्म वाचून विचारलं, एवढ्या जुन्या कागदाला एवढी किंमत कोण देतं? मी म्हटलं, मॅडम, आपल्याच गावचा माणूस आहे. सतरा दिवसांनी पार्सल पोचलं. त्याने दौलताबादच्या मिनाराचं तिकीट तळहातावर ठेवून फोटो पाठवला आणि विचारलं, अजिंठ्याचं आठ आण्यांचं आहे का? ते शोधतो आहे.